डावीकडे बघायची जागा

ओट्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगातून एक झाकण सुटलं, ‘ठण्ण’ करून फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत घेत, आपल्याला मुळीच घाई नाही अशा थाटात, शांत झालं.

कपड्यांचं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी राहून गाणारी ती ‘उजेड’ या शब्दावर थांबली. ताल देणाऱ्या हाताचं एक बोट तसंच वर राहिलं. मान डावीकडे वळली, कारण डावीकडे झोपायच्या खोलीचं दार होतं आणि दाराआड पाच वर्षांची भिंगरी झोपलेली होती. डोळे मोठे झाले. श्वास जिथे होता तिथेच राहिला. दाराआडून पावलं वाजली नाहीत, ‘आई’ अशी हाक आली नाही, काहीच आलं नाही. मग तिच्या चेहऱ्यावर सावकाश एक हसू पसरलं. मूल उठलं नाही हे कळल्यावर आईच्या तोंडावर जे हसू येतं ते बक्षीस मिळाल्यावरसुद्धा येत नाही. तिनं मान समोर केली आणि अर्धी राहिलेली ओळ पुरी केली : ‘आत आला.’

इस्त्रीच्या टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोननं हे सगळं मुकाट्यानं टिपून घेतलं.

ती एका गानवृंदाची शिक्षिका होती. सायकलींच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा संध्याकाळी माणसं जमत, दिवसभराचे उद्योग खुंटीला टांगत आणि चार आवाजांत गात. वृंद उभा केला होता मोठ्या बाईंनी. त्यांचे गुडघे जिना चढेनासे झाले तेव्हा त्यांनी तो आपल्या या शिष्येकडे दिला. वृंदातल्या लोकांनी लगेच तिचं नाव ‘छोट्या बाई’ ठेवलं. पण मोठ्या बाईंनी देताना एक शब्द जोडून दिला होता : सध्या. सध्या तू बघ. वार्षिक कार्यक्रमाला मी येईन, ऐकेन, मग ठरवू. ‘मग ठरवू’मध्ये कोण बसलंय तेही सगळ्यांना माहीत होतं. एक गृहस्थ होते. त्यांच्या घरी गाण्याची वेगळी खोली होती, भिंतींना आतून गाद्या लावलेली. त्या खोलीत म्हणे स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायचं.

तिला तो वृंद हवा होता. फार हवा होता. दिवसभर तिच्याशी बोलणारी एकच व्यक्ती होती, आणि त्या व्यक्तीला गोष्टीतल्या अस्वलानं पुढे काय केलं एवढ्याशीच मतलब होता. हॉलचा जिना चढताना मात्र तिची पाठ आपोआप सरळ होई.

मोठ्या बाईंचे दोन नियम होते. पहिला गाणाऱ्यांसाठी. हातात कागद घ्यायचा नाही, गाणं कानानं आणि डोळ्यांनी शिकायचं. शिकवणारा जसं तोंड उघडतो तसं उघडायचं, जिथे थांबतो तिथे थांबायचं, शहाणपणा घरी ठेवून यायचा. दुसरा नियम शिकवणाऱ्यासाठी. रोज त्याच वेळी, त्याच जागी, दार लावून बसायचं. दार लावल्याशिवाय सुचत नाही.

पहिला नियम वृंदाच्या हाडीमासी मुरला होता. इतका, की गाणं सुरू करण्याआधी सगळा वृंद एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे किंचित झुलायचा, मगच पहिला स्वर लावायचा. ही मोठ्या बाईंच्या वेळेपासूनची पद्धत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. नवीन माणूस आला की तळाच्या आवाजांचे म्होरके आणि वृंदाचे चिटणीस असलेले निवृत्त स्टेशनमास्तर त्याला सांगत की यानं शरीराचा भार समतोल होतो. त्यांच्या शेजारी उभे राहणारे दातांचे डॉक्टर सांगत की यानं जबडा सैल होतो. नवीन माणूस झुलायला लागे.

दुसऱ्या नियमाचं घोडं अडलं होतं. तिच्या घरात दारं होती, पण लावलेलं दार दिसलं की भिंगरी ते उघडून ‘का लावलंय?’ असं विचारत असे. तेव्हा मायलेकींमध्ये एक करार झाला होता. जेवण झालं की भिंगरीनं दुपारचं झोपायचं. ती डोळे मिटे आणि आई कपाटामागच्या फटीत शिरे. तिथे लटकणारे कोट आणि शाली आवाज गिळून टाकत. तिथेच, उभ्या उभ्या, तिला ते गाणं सुचलं होतं. अगदी साधं होतं.

‘कुणी न हाक मारता
उजेड आत आला.’

वार्षिक कार्यक्रमासाठी तिनं ते चार आवाजांत बसवलं आणि घरी सराव करता यावा म्हणून प्रत्येक आवाजाचा वेगळा व्हिडिओ करायला घेतला. तोंड कसं उघडतं ते दिसायला हवं, म्हणून व्हिडिओ. आधी तळाचा आवाज केला, त्यात झाकण पडलं. मग पुढच्या तीन दुपारी तो पहिला कानात लावून त्याच्यावर उरलेले तीन केले. कानात ‘ठण्ण’ झालं की ती थांबे, कारण कानातली तीही थांबलेली असे. तिसऱ्या दुपारपर्यंत तर मानही आपोआप वळायला लागली होती आणि हसूही वेळेवर यायला लागलं होतं. काही चुकलेलं दिसलं असतं तर पुन्हा करायला आणखी चार दुपारी लागल्या असत्या. तिनं न बघताच चारही पाठवून दिले.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीला कांजिण्या आल्या.

दोन आठवडे मायलेकी घराबाहेर पडल्या नाहीत. अंग खाजवू नये म्हणून भिंगरीचे दोन्ही हात गुंतवून ठेवणं भाग होतं, म्हणून एरवी न मिळणारा फोन तिच्या हातात आला. फोनमध्ये आई गात होती. भिंगरीनं आईचेच व्हिडिओ लावले. स्वयंपाकघरात आई तिला पेज भरवण्यासाठी विनवण्या करत असे, आणि पांघरुणात दुसरी आई चार आवाजांत उजेडाला आत घेत असे.

हॉलवर तालमी चालू होत्या. स्टेशनमास्तरांनी घरचा मोठा टीव्ही रिक्षात घालून आणला होता. फोनवर ते रोज कळवत की प्रगती समाधानकारक आहे, काळजी करू नये, जागा पक्की झाली. कुठली जागा, हे तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, टीव्ही ठेवायची.

भिंगरीच्या फोडांवर खपल्या धरल्यावर ती हॉलवर गेली. सगळे रांगेत उभे राहिले, एकदा डावीकडे झुलले, एकदा उजवीकडे, आणि गायला लागले. तिला भरून आलं. आवाज एकमेकांत असे मिसळले होते की कुणाचा कुठला ते कळू नये. ‘कुणी न हाक मारता’ गेलं. ‘उजेड’ आला. आणि सगळा वृंद एकदम थांबला. सगळ्यांच्या उजव्या हाताचं एक बोट वर गेलं. सगळ्यांच्या माना एका झटक्यात डावीकडे वळल्या. सगळ्यांचे डोळे मोठे झाले.

तिनंही दचकून तिकडे पाहिलं. तिथे झाडू ठेवायच्या खोलीचं दार होतं, दुसरं काही नव्हतं. ती परत वळली तेव्हा सगळे जण हसत होते. मोठ्यानं नाही, मंद, समाधानाचं. दातांचे डॉक्टर, स्टेशनमास्तर, पहिल्या रांगेतल्या शिवणकामवाल्या काकू, सगळ्यांच्या चेहऱ्यावर मूल झोपलेलं असल्याचं हसू होतं.

‘आत आला,’ ते म्हणाले.

“हे काय होतं?” तिनं गाणं थांबवून विचारलं.

“कुठलं, बाई?”

“हे. डावीकडे.”

“तुम्ही करता तस्संच केलंय,” स्टेशनमास्तर म्हणाले. “आधी बोटं मागेपुढे वर जात होती. आता बघा, एक तरी उशिरा गेलं का?”

मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी वादच झाला होता, की बाईंचं डावं घ्यायचं की पडद्यावर दिसतं ते. शेवटी मतं घेऊन असं ठरलं की बाईंचं डावं ते आपलं डावं. माना वळवणं सोपं होतं, पण तिथे नुसतं बघून चालत नव्हतं, काहीतरी दिसायला हवं होतं. ते ज्यानं त्यानं शोधून काढलं. स्टेशनमास्तरांना गाडी दिसे. सिग्नल पडलेला, रूळ वाजायला लागलेला, पण गाडी अजून वळणाआड, असा तो क्षण. दातांच्या डॉक्टरांना वेळ घेऊन न येणारा पेशंट दिसे, आणि तो आज येत नाही असं कळल्यावर हसू आपोआप येई. शिवणकामवाल्या काकूंनी आपल्याला काय दिसतं ते सांगितलं नाही. दोरा दातानं तोडावा तसा त्यांनी तो विषय तोडला. एवढंच म्हणाल्या, “हसू मला आधी जमत नव्हतं. आरशासमोर केलं. आमचे हे म्हणाले, इतकं गोड माझ्याकडे बघून कधी हसली नाहीस.”

“घंटेचं तेवढं राहिलंय,” स्टेशनमास्तर म्हणाले. “ती ठण्ण होते ती. आणायची कुणी आणि वाजवायची कुणी, तेवढं सांगा.”

तिच्या तोंडापर्यंत खरं काय ते आलं होतं. पण स्टेशनमास्तर दर रविवारी मोठ्या बाईंना फोन करून वृंदाची खबर देत, गाड्या वेळेवर आहेत ना हे कळवावं तशी. ज्या गाण्यासाठी दार लावून बसायचं ते गाणं कपाटाच्या फटीत, एक कान मुलीकडे ठेवून केलेलं आहे, आणि त्यातली सगळ्यात नामी जागा एका झाकणानं केलेली आहे, हे रविवारपर्यंत मोठ्या बाईंना कळलं असतं. गाद्यांच्या खोलीवाले गृहस्थ सोमवारी जिना चढले असते.

“घंटा नाही,” ती म्हणाली. “थांबायचंही नाही. मी विचार बदललाय. ओळ सरळ म्हणायची.”

दोन आठवडे डावीकडे बघण्यात घालवलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली.

ओळ सरळ जाईना. वरच्या आवाजांना ठरवून पुढे जाता येत होतं, पण तळाच्या आवाजांचा पाय ब्रेकवर पडलेलाच होता. वरच्यांचा उजेड घरात येऊन बसायचा आणि तळाच्यांचा उजेड अजून दाराबाहेर बोट वर करून उभा असायचा. दुसऱ्या खेपेला तळाच्यांनी डोळे मिटून धाव घेतली, तर शिवणकामवाल्या काकू थांबल्या. तिसऱ्या खेपेला कुणीच थांबलं नाही, पण माना वळल्या, त्यामुळे ‘आत आला’ सगळ्यांनी झाडूंच्या खोलीला उद्देशून म्हटलं.

तेव्हा तिनं नवा व्हिडिओ करायचा ठरवला, आणि या वेळी धोका नको म्हणून भिंगरीच्या बाबांना अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावून त्या दोघांना बागेत पाठवलं. घरात चिटपाखरू नव्हतं. भांडी पुसून फडताळात ठेवली होती. नळाखाली फडकं टाकलं होतं. ती दिवाणखान्यात, चांगल्या उजेडात, चांगली साडी नेसून उभी राहिली आणि ‘कुणी न हाक मारता’ असं म्हणाली, तोच दारावरची बेल वाजली. भिंगरीची पाण्याची बाटली राहिली होती. तिनं दार उघडलं, बाटली दिली, परत येऊन पहिल्यापासून म्हटलं. या खेपेस ‘उजेड’ बिनबोभाट पार पडला, पण पुढच्या कडव्यात तिचं नाक चुळबुळायला लागलं आणि तिनं ते चोळलं. असू दे, म्हणाली, आणि व्हिडिओ धाडून दिला. गडबडीत बेलवालाही त्याच्याबरोबर गेला.

पुढच्या तालमीला दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला.

“बाई, बेल घ्यायची का?”

“नाही. बेलवाला व्हिडिओ सोडून द्या.”

“आणि नाक?”

“कसलं नाक?”

“दुसऱ्या कडव्यात तुम्ही नाक चोळता. ते घ्यायचं की तेही सोडायचं?”

“सोडायचं.”

मग एकामागून एक हात वर झाले. शेवटी तुम्ही खाली बघता, ते? केस मागे घेता, ते? तिसऱ्या ओळीआधी श्वास घेता, तो? तिनं सांगितलं, श्वास घ्या. कुठे कुठे घ्यायचा ते नेमकं सांगाल का, असं स्टेशनमास्तरांनी विचारलं. त्यांच्या सुरात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला. आजवर या लोकांनी शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आता त्या चेहऱ्यावरचं काय गाण्यातलं आणि काय घरातलं, हे त्यांना कळेनासं झालं होतं. पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालावं तसे ते गायले. एकही चूक झाली नाही आणि एकाही ओळीत जीव नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भिंगरीच्या बाबांनी चहा घेता घेता सुचवलं की सरळ खरं सांगून टाकावं.

“काय सांगू? मला जे सुचतं ते ओट्यावरून पडतं म्हणून?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

त्यांनी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात गेलं. ठरलं ते असं, की ती ताल सरळ देत राहील, हात थांबणार नाही, सगळ्यांनी फक्त हाताकडे बघायचं. आणि बाबांनी भिंगरीला घेऊन दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसायचं, म्हणजे तिनं आवाज केला की उचलून बाहेर नेता येईल. भिंगरीला बजावण्यात आलं. भिंगरी सगळ्याला हो म्हणाली. तिचं एकच म्हणणं होतं, की पहिली रांग पाहिजे आणि पाण्याची बाटली पाहिजे, स्टीलची, झाकणवाली.

सभागृह भरलं होतं. मोठ्या बाई काठी टेकत आल्या. त्यांचा गुडघा दुमडत नसे, पाय लांब करून बसायला त्यांना कडेची खुर्ची लागे. पहिल्या रांगेत डावीकडे कडेला दोन खुर्च्या होत्या. एकीवर भिंगरीला मांडीवर घेऊन बाबा बसले होते. दुसरीवर मोठ्या बाई बसल्या. मागे, चौथ्या-पाचव्या रांगेत, गाद्यांच्या खोलीवाले गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. रंगमंचावरून वळून तिनं ही मांडणी पाहिली, आणि आता काही करण्यासारखं उरलेलं नाही हे ओळखून वृंदाकडे तोंड केलं.

सगळे झुलले. डावीकडे, उजवीकडे. पहिला स्वर लागला.

सुरुवातीचे स्वर ओल्या फरशीवरूनच गेले. बिनचूक, जपून. तिनं हात ठाम ठेवला होता. ‘कुणी न हाक मारता’ जवळ आलं तसे सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर खिळले. स्टेशनमास्तरांच्या कपाळावर घाम दिसत होता. ‘उजेड’ लागला. हात न थांबता पुढच्या तालावर निघाला.

ठण्ण.

डावीकडे, पहिल्या रांगेत, स्टीलचं झाकण खुर्चीच्या हातावर आपटलं. मग ते निसटलं, फरशीवर पडलं, आणि स्वतःभोवती गरगरत राहिलं.

तिचा हात थांबला. तो तिनं थांबवला नाही, तिचं काही चाललंच नाही. एक बोट वर राहिलं आणि मान डावीकडे वळली. समोर सगळा वृंद थांबला, सगळी बोटं वर गेली आणि सगळ्या माना वृंदाच्या डावीकडे, म्हणजे नेमक्या उलट बाजूला, वळल्या. श्रोत्यांना कुठे बघावं ते कळेना. अर्धे इकडे वळले, अर्धे तिकडे. कुणी खोकलं नाही. कुणाची खुर्ची करकरली नाही. सगळं सभागृह श्वास धरून काहीतरी यायची वाट बघत होतं, आणि त्या शांततेत फक्त एक झाकण आपली शेवटची गिरकी पुरी करत होतं.

भिंगरी बाबांच्या मांडीवर डोळे गच्च मिटून, अगदी निपचित पडलेली होती.

आईच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. येऊ नये म्हणून तिनं प्रयत्न केला, पण ते आलं. वृंदाच्याही चेहऱ्यावर आलं, आणि या वेळी ते कुणी आरशात बसवलेलं नव्हतं. सुटल्यासारखं होतं.

‘आत आला,’ ते म्हणाले. तिथून पुढे ते जे गायले ते त्यांना कुणीच शिकवलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरांची गाडी वळणावरून आत शिरली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि स्वर तसूभर हलला नव्हता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. तिनं त्या पाठ करून ऐकल्या. आत आल्यावर ती साड्यांच्या आणि पिशव्यांच्या ढिगात एका स्टुलावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. मोठ्या बाई येणार होत्या. काय म्हणतील, त्याची ती मनातल्या मनात तालीम करत होती. प्रत्येक तालमीत तिला कुणीतरी ‘सध्या पुरे’ म्हणत होतं.

मोठ्या बाई आल्या त्या भिंगरीचं बोट धरून. मागून बाबा, हातात बिनझाकणाची बाटली, चेहरा पेपर कोरा ठेवलेल्या विद्यार्थ्याचा.

“ही माझ्या शेजारी होती,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मला आधीच झाकण काढून दाखवलं. म्हणाली, आजी, थांबा, आता माझी जागा येते.”

“तिला वाटलं, ते गाण्यातच आहे,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

“आहेच गाण्यात. मी ऐकलं की.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या स्वतः दुसऱ्या स्टुलावर टेकल्या. “गाणं कुठे बसून केलंस?”

“उभं राहून. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये.”

“दार?”

“तिथे दार नाही.”

मागे सगळा वृंद दारात दाटीवाटीनं उभा होता, पुढे स्टेशनमास्तर.

“माझ्या बाजूनं तुझी मान वळली ना,” मोठ्या बाई म्हणाल्या, “तशी मान गाण्यासाठी वळत नाही. पोर उठलं की काय, एवढंच बघायला वळते. मी ओळखते.” मग त्या दाराकडे वळल्या. “काय हो स्टेशनमास्तर, तुम्ही सगळे आधी झुलता ते कशासाठी?”

“भार समतोल होतो,” स्टेशनमास्तर म्हणाले.

“डोंबलाचा भार. माझा मुलगा कडेवर असायचा. झुलवलं नाही की भोकाड पसरायचा. मी झुलायचे, तर समोरचेही झुलायला लागले. मुलगा कडेवरून उतरला, म्हटलं आता हेही थांबतील. मुलाचं लग्न झालं. हे झुलतायत आपले.”

दातांचे डॉक्टर जबडा सैल सोडून ऐकत होते.

“आणि मग दार लावून बसायचं, ते?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात थोडा राग आला होता, तिला नकळत.

“ते मला हवं होतं, म्हणून सांगायचे.” मोठ्या बाईंनी गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. “मुलगा मोठा झाल्यावर मिळालं ना. दार लावलं, कडी घातली, बसले. आत बसून काय करायचे, तर बाहेर कुणाची चाहूल लागते का ते ऐकत राहायचे.” त्या क्षणभर थांबल्या. कुणी मतं घेऊन ठरवलं नव्हतं, तरी दारातले सगळेही थांबले. “सध्या-बिध्या काही नाही आता. वृंद तुझा. त्या गाद्यावाल्याला मी सांगते काय ते. पुढच्या वर्षीचं गाणं घे करायला.”

तिनं नुसती मान हलवली. दारातल्या बऱ्याच माना तिच्याबरोबर हलल्या.

स्टेशनमास्तर एक पाऊल पुढे आले. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांच्या वतीनं अदबीनं विचारलं की नव्या गाण्यातही तशी एखादी जागा असेल ना, आणि असल्यास ती आधी कळवावी, म्हणजे तयारीला बरं. काकू म्हणाल्या, या खेपेला उजवीकडे असली तरी चालेल. सगळे तिच्याकडे बघायला लागले, मोठ्या बाईसुद्धा. तिनं तोंड उघडलं. आता उत्तर द्यायलाच हवं होतं.

तेवढ्यात भिंगरी तिच्या मांडीवर चढली, आईचा कान जवळ ओढून घेतला आणि कुजबुजली. पण ती ज्या घरात वाढत होती तिथली कुजबुज पार शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत असे.

“आई, पुढच्या गाण्याला मी खरंच झोपू, का मागच्यासारखं नुसते डोळे मिटून पडू?”